खासगी रेकॉर्ड-संग्रह : नोंद आणि मोल (कोल्हापूर)

घरात साठलेल्या किंवा हौसेने जमवलेल्या ध्वनिमुद्रिका एकेक करून पाहणे, त्यांचा तपशील वहीत उतरवणे आणि त्याआधारे त्यांची किंमत ठरवणे, असे हे काम आहे. क्रम महत्त्वाचा : आधी नोंद, मग मोल. नोंद नसलेला संग्रह वारसांच्या लेखी अडगळ असतो आणि घर पाडायला काढले की भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो.

जुन्या घरांत तबकड्या दोन जातींच्या सापडतात. लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, बहुधा १० इंची असते आणि एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे वाजते. ती ठिसूळ असते. हातातून सुटली की तुकडे. विनाइलची, म्हणजे एका प्लॅस्टिकची, तबकडी लवचीक : १२ इंची, ३३⅓ फेऱ्यांची एलपी किंवा ७ इंची, ४५ फेऱ्यांची ईपी. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, पण आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे त्या काळातले एकच गाणे दोन्ही रूपांत हाती येते. गाणे तेच असले तरी नोंदी दोन करायच्या.

कोल्हापुरात हे काम विशेष जबाबदारीचे आहे, कारण इथल्या तबकड्यांमागे शहराचा सांगीतिक इतिहास उभा आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांनी स्वतःची एकही व्यावसायिक ध्वनिमुद्रिका दिली नाही. त्यांची गायकी तबकडीवर ऐकायची ती शिष्यपरंपरेच्या गळ्यातून : केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडे, शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. म्हणून इथल्या नोंदवहीत ‘गुरू’ असा एक रकाना हवाच. परदेशी नमुन्यांवरून आखलेल्या तक्त्यांत तो नसतो आणि त्यावाचून कोल्हापूरच्या संग्रहाचा धागाच तुटतो. केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्या गाण्याच्या नोंदीतही घराण्याचा दुवा कोल्हापूरला येऊन मिळतो.

दुसरा प्रवाह चित्रपटाचा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच सुरू झाली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट याच मातीत तयार झाला आणि त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. सुधीर फडके यांचा जन्मही कोल्हापूरचा (१९१९). तिसरा प्रवाह लोकांचा, पोवाड्यांचा आणि लावण्यांचा. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, उरुसात भोंगा लावणाऱ्या स्पीकरवाल्यांकडे या तबकड्यांच्या पेट्याच्या पेट्या असत. शेकडो वेळा वाजल्याने त्या झिजलेल्या असतात, लेबलावर मालकाचा शिक्का असतो. बाजारात त्यांना भाव कमी. पण कोणत्या गावच्या कोणत्या पेटीतून तबकडी आली हे कळत असेल तर ते लिहून ठेवावे. लोक खरोखर काय ऐकत होते याचा एवढा थेट पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

एका नोंदीत किमान एवढे असावे : कंपनी व लेबल, लेबलावरचा क्रमांक, दोन्ही बाजूंच्या गाण्यांचे शब्द, गायक, संगीतकार, कवी, राग, आकार, फेरे, स्थिती आणि तबकडी कुठून आली. याखेरीज लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला साच्याचा क्रमांक उतरवून घ्यावा. तबकडी तिरपी धरून बाजूने उजेड पाडला की तो वाचता येतो. लेबलावरचा क्रमांक विक्रीसाठी दिलेला असतो, साच्याचा क्रमांक प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. दोन तबकड्यांचा लेबल-क्रमांक एक, पण साचा वेगळा, असे घडू शकते. एच.एम.व्ही. या कंपनीच्या एलपींवर क्रमांकाआधीची अक्षरेही बोलतात : ‘ईसीएलपी’ म्हणजे मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ‘ईसीएसडी’ म्हणजे स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा).

नावांच्या बाबतीत लेबलावर डोळे मिटून विसंबू नये. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचे, ‘कामिनी’चे, नाव छापले गेले होते, गळा लता मंगेशकरांचा. त्यांनीच भालजींच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ या चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. अशा वेळी लेबलावरचे नाव जसेच्या तसे ठेवावे आणि खरे नाव शेजारच्या रकान्यात लिहावे. खोडून दुरुस्ती करू नये. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत गाणे संपता संपता गायक स्वतःचे नाव मोठ्याने सांगतात, कारण साचे परदेशी जात आणि तिथल्या कारागिरांना लेबल लावायला ओळख लागे. लेबल उडालेले असेल तर हाच आवाज कामी येतो.

स्थिती ठरवताना तबकडी आणि कव्हर यांना वेगवेगळी श्रेणी देतात. जगभर ‘मिंट’पासून (अगदी नव्यासारखी) ‘पुअर’पर्यंतची (अगदी खराब) उतरंड वापरली जाते. केवळ नजरेवर जाऊ नये; ओरखडा दिसतो पण वाजत नाही, आणि झीज दिसत नाही पण वाजते. लाखेच्या तबकडीला जाड टोकाची वेगळी सुई लागते. एलपीच्या सुईने ती वाजवली तर खरखर वाढते आणि श्रेणी चुकते. धुताना लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीच लावू नये, लाख त्यात विरघळते. ही चूक एकदा झाली की भरून येत नाही.

कोल्हापुरात स्थितीचा विचार पंचगंगेला वगळून करता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. पुरात भिजलेली विनाइल तबकडी स्वच्छ पाण्याने धुतली की बहुधा वाचते. तिचे कव्हर आणि लेबल मात्र जातात, उरलेल्या कागदाला बुरशी धरते. त्यामुळे बाजारभाव एकदम उतरतो. पण लेबल गेलेल्या तबकडीवरही साच्याचा क्रमांक शाबूत असतो. तो वहीत आधीच उतरवलेला असेल तर तबकडी निनावी राहत नाही.

मोल ठरवताना वय हा सर्वांत फसवा निकष. ‘शंभर वर्षांची आहे’ एवढ्याने किंमत येत नाही. खूप खपलेली लाखेची तबकडी जुनी असूनही स्वस्त असू शकते, तर १९७०च्या दशकातली, थोड्याच प्रती निघालेली एलपी महाग. मागणी, दुर्मिळता आणि स्थिती हे तिन्ही एकत्र पाहावे लागतात. इंटरनेटवर विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष व्यवहार झालेली किंमत यांत मोठे अंतर असते. धरायची ती दुसरी. त्यासाठी २००० साली सुरू झालेल्या ‘डिस्कॉग्ज’सारख्या संकेतस्थळावर झालेल्या विक्रीचे आकडे दिसतात, पण मराठी तबकड्यांचे व्यवहार तिथे तुरळक असल्याने त्यावरच भिस्त ठेवू नये. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने जुन्या भारतीय तबकड्यांविषयी जे लिहून ठेवले आहे, ते किमतीपेक्षा ओळख पटवायला जास्त उपयोगी. दुकानदार एकगठ्ठा घेताना किरकोळ किमतीपेक्षा बरेच कमी देतो, कारण त्यातला बराच माल त्याच्याकडे पडून राहणार असतो. विमा, वाटणी आणि विक्री या तीन कामांसाठी त्यामुळे एकाच तबकडीचे तीन आकडे निघू शकतात. कोणता आकडा कशासाठी आणि कोणत्या तारखेला काढला, हे शेजारी लिहावे.

तबकड्या उभ्या ठेवाव्यात, ढीग करू नये, उन्हाच्या भिंतीला टेकवू नये. जुने कागदी लिफाफे फाटले तरी फेकू नयेत. त्यांच्यावर विकणाऱ्या दुकानाचे नाव-गाव छापलेले असते. वहीच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यातली एक पुराचे पाणी पोचत नाही अशा उंचावरच्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी.