पीएम किसान आणि नमो शेतकरी: पात्रता, कागदपत्रे आणि गावाची यादी

पीएम किसान (प्रधानमंत्री किसान सन्मान निधी) या केंद्राच्या योजनेचे वर्षाला ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत खात्यावर येतात. महाराष्ट्रात त्यावर 'नमो शेतकरी महासन्मान निधी'चे आणखी ६,००० मिळतात. नमोसाठी वेगळा अर्ज नाही, पीएम किसानमध्ये पात्र ठरलात की झाले.

जमीन स्वतःच्या नावावर हवी, तीही १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीपासून. त्यानंतर खरेदी केलेली जमीन चालत नाही, वारसाने आलेली चालते. म्हणून वडील गेल्यावर वारस नोंद लांबवू नका. फेरफार (मालकी बदलाची नोंद) मंजूर होऊन सातबाऱ्यावर तुमचे नाव चढेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबात लाभ एकालाच. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी कर्मचारी, महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे (चतुर्थ श्रेणीचे निवृत्त सोडून), आजी-माजी आमदार-खासदार, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील अपात्र आहेत. खंडाने किंवा वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणाराही यात बसत नाही. राबतो तोच बाहेर राहतो, हे मला आजही पटत नाही.

नोंदणी पीएम किसानच्या संकेतस्थळावर किंवा सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात होते. सातबारा, आठ-अ, फेरफार, पती-पत्नीचे आधार, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा शेतकरी ओळख क्रमांकही आता लागतो. पुढे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणी, करावी लागते, ती ओटीपीने, अंगठ्याने किंवा ॲपवर चेहरा दाखवून होते.

'हप्ता आलाच नाही' म्हणणाऱ्यांनी आधी आधार कोणत्या खात्याला जोडलेय ते बँकेत विचारावे. पैसे पासबुक दिलेल्या खात्यात जातीलच असे नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मध्यंतरी दुसरीकडे खाते उघडले असेल तर कित्येकदा रक्कम तिथेच पडून असते.

आता यादीचे. संकेतस्थळावर 'बेनिफिशियरी लिस्ट'मध्ये राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडले की अख्ख्या गावाची नावे दिसतात. त्यासाठी लॉगिन लागत नाही. लाभार्थ्यांची यादी गावपातळीवर प्रसिद्ध करावी आणि वगळलेल्या पात्र शेतकऱ्याला बाजू मांडायची संधी द्यावी, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तेव्हा ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी नसेल तर ग्रामसभेत मागा. ही यादी शेजाऱ्याच्या चौकशीसाठी वाचायची नाही. आपल्या भावकीतल्या विधवेचे नाव गळले का, मयताच्या नावावर पैसे उचलले जातात का, हे गावालाच आधी कळते.

ड्रिप, ट्रॅक्टर यांसारख्या इतर अनुदानांचे तपशीलही मागता येतात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागताच प्रसिद्ध करायचा असतो. नसेल केला तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. एकच विषय, १५० शब्दांच्या आत: गाव, योजना, वर्ष, लाभार्थ्याचे नाव, रक्कम. आधार किंवा खाते क्रमांक मागू नका, ते खासगी आहे आणि त्यावरून अर्ज अडतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर जन माहिती अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, प्रथम अपील करता येते. प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्या.