नवशिक्यांच्या ‘सेट शॉट’ची पार्श्वभूमी

बास्केटबॉलच्या मैदानावर नव्याने आलेल्या मुलाला सुरुवातीलाच जो शॉट शिकवला जातो, त्याला आपल्याकडे सर्रास ‘सेट शॉट’ म्हणतात. पाय जमिनीवर, गुडघे किंचित वाकलेले, चेंडू कपाळाच्या वर एका पंजावर आणि दुसरा हात बाजूने नुसता टेकवलेला, अशी त्याची ठेवण असते. हेच नाव १९४० च्या आसपास अमेरिकेत प्रामुख्याने एका निराळ्याच शॉटला होते. जुने मार्गदर्शन वाचून शिकवणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांचीही गल्लत होते ती येथे.

१८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे गॅलरीच्या कठड्याला टोपल्या अडकवल्या गेल्या आणि तो कठडा दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही ३.०५ मीटरवर आहे, हा भाग सर्वपरिचित आहे. पुढची जवळजवळ पाच दशके दुरून मारायचा प्रमाण शॉट दोन हातांचा होता. खेळाडू पाय रोवून उभा राही, चेंडू छातीशी धरी आणि दोन्ही मनगटे एकदम झटकून तो वर सोडी. पाय रोवून स्थिर होण्याच्या या क्रियेवरूनच ‘सेट’ हा शब्द आला. त्यात हात किती, याचा उल्लेखच नव्हता. दोन हातांमुळे ताकद कमी पडत नसे. मात्र चेंडू छातीवरून निघत असल्याने समोरच्याला तो अडवणे सोपे जाई आणि नेम धरायला निवांत उभे राहण्याइतकी मोकळी जागा लागे.

३० डिसेंबर १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅलिफोर्नियातून आलेल्या एका विद्यापीठीय संघाने सलग ४३ सामने जिंकलेल्या स्थानिक संघाला ४५-३१ असे हरवले. पाहुण्यांचा प्रमुख खेळाडू धावता धावता एका हाताने चेंडू सोडत होता. पूर्वेकडील नामवंत प्रशिक्षकांना ही पद्धत बेशिस्त वाटत असे, पण शाळकरी मुलांनी ती उचलली. वायोमिंगमधील एका शेतावर १९३४ साली पवनचक्कीला ठोकलेल्या रिंगखाली एक मुलगा आपल्या उंच थोरल्या भावावरून शॉट मारता यावा म्हणून उडी घेऊ लागला होता. जम्प शॉटचे जनकत्व पुष्कळदा त्याला दिले जाते. इतर दावेदारही आहेत. हा वाद मिटण्याजोगा नाही आणि नवशिक्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचाही नाही.

महत्त्वाचे आहे ते नावाचे स्थलांतर. जम्प शॉट रुळल्यावर पाय न उचलता मारलेल्या प्रत्येक शॉटला ‘सेट शॉट’ म्हणण्याची सवय लागली आणि दोन हातांचा मूळ शॉट पुरुषांच्या खेळातून मावळत गेला तरी त्याचे नाव एका हाताच्या नव्या शॉटला चिकटून राहिले. त्यातच ‘एका हाताचा शॉट’ हा शब्दही अपुरा आहे, कारण चेंडू सुटेपर्यंत त्यावर हात दोन असतात. दोन्ही शब्द ऐकलेले दहा वर्षांचे मूल फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर विनाअडथळा मारायच्या शॉटच्या, रेषेवर उभे राहते, डावा हात टेकवते आणि शेवटच्या क्षणी डाव्या अंगठ्याने चेंडूला हलका धक्का देते. चेंडू उलटा फिरण्याऐवजी आडवा फिरतो आणि रिंगच्या कडेला लागून बाहेर पडतो. हा अंगठा म्हणजे जुन्या सेट शॉटचा नव्यात उरलेला अंश आहे, असे मला वाटते. मुलाला हाताचे बळ कमी पडले की हा अंश आपोआप परततो.

हे बळ कमी पडण्याचे प्रसंग गेल्या काही दशकांत वाढले. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत १९७९-८० पासून आणि आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ पासून तीन गुणांची रेषा आली. आंतरराष्ट्रीय रेषा आधी ६.२५ मीटरवर होती, ती २०१० मध्ये ६.७५ वर गेली. मुले तिथूनच सुरुवात करू पाहतात. त्यासाठी ती चेंडू कमरेपर्यंत खाली नेतात, कोपर बाहेर काढतात आणि चेंडू सपाट ढकलतात. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर आणि मोठ्या चेंडूचा सुमारे २४, त्यामुळे रिंगच्या आडव्या पातळीशी साधारण ३२ अंशांहून कमी कोनात येणारा चेंडू कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. सपाट शॉट म्हणूनच वाया जातो.

जपानमध्ये मुलींना दोन हातांचा शॉट शिकवण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली, तीही हाताचे बळ कमी पडते याच कारणाने. दुसरा मार्ग साधने बदलण्याचा आहे. बारा वर्षांखालील मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर आणि चेंडू ५ नंबरचा, म्हणजे सुमारे ५०० ग्रॅमचा असतो. पुरुषांचा ७ नंबरचा चेंडू ६०० ग्रॅमच्या आसपास भरतो. मला हा मार्ग अधिक योग्य वाटतो, कारण त्यात मुलाला मागाहून काही विसरावे लागत नाही. आपल्याकडे लहान चेंडू सहज मिळतो, पण अनेक मैदानांवर खांब पक्के रोवलेले असल्याने रिंग खाली येत नाही. अशा मैदानावर रिंगपासून दोन पावलांवर, डावा हात पाठीमागे ठेवून, उजव्या पंजावरून चेंडू सोडण्याचा सराव दिला जातो आणि तो साधल्यावरच डावा हात चेंडूला लावू दिला जातो.