अलर्टचा मेसेज आला, आता काय करायचं?

तुमच्या ऑफिसातल्या स्विच (कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारा डबा), राउटर आणि यूपीएसवर आम्ही देखरेख ठेवतो, तिचे मेसेज तुमच्याही मोबाईलवर येतात. ‘टेम्परेचर’ हा शब्द दिसला की वागळे इस्टेट असो की महापे, कुणीतरी जाऊन स्विच बंद करून पुन्हा चालू करतं. कृपया हे करू नका. रीस्टार्टने खोली थंड होत नाही. शिवाय बऱ्याच स्विचचा लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद, तात्पुरत्या मेमरीतच असतो. स्विच रीस्टार्ट झाला की लॉग जातो आणि कारण शोधायला आमच्या हाती काही उरत नाही.

मेसेजमध्ये ‘वॉर्निंग’ असेल तर रीडिंग नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेलंय, पण काम चालू आहे. रात्री आली तर सकाळी पाहिलं तरी चालतं. ‘क्रिटिकल’ असेल तर वेळ न बघता फोन करा.

तापमानाचे अलर्ट सुट्टीच्या दिवशी हमखास येतात. शनिवारी संध्याकाळी मेन स्विच पाडताना सर्व्हर रूमचा एसीही त्यातच जातो. मेसेजमध्ये दोन आकडे असतात, एक रॅकसमोरच्या (उपकरणं बसवलेल्या कपाटासमोरच्या) हवेचा आणि एक स्विचच्या पोटातला. हवा १८ ते २७ अंशांत हवी. पोटातला आकडा त्याहून बराच जास्त असतो, त्याला घाबरू नका. दोन्ही एकदम चढले तर एसी बघा. हवा तेवढीच आणि फक्त आतला चढला, तर पंखा बंद आहे, धूळ बसली आहे किंवा जाळीसमोर कुणीतरी माल ठेवला आहे. खोके हलवणं तुमच्या हातात आहे, पंख्याला मात्र हात लावू नका.

‘लिमिट वाढवून द्या, मेसेजचा त्रास होतो,’ असं बरेच जण सांगतात. महिन्याचा ग्राफ बघून योग्य वाटलं तर वाढवतो. पण त्याच खोलीत यूपीएसच्या बॅटऱ्या असतील तर न वाढवण्याचा हट्ट आम्ही धरू: लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं आयुष्य गमावते. मेसेज सारखा येऊन-जाऊन करू नये म्हणून ३० ला वाजलेला अलर्ट २८ च्या खाली आल्यावरच मिटतो, त्यामुळे ‘रिकव्हर्ड’ थोडं उशिरा येईल.

पॉवर सप्लायचा अलर्ट ‘वॉर्निंग’ असला तरी थांबू नका. मोठ्या स्विचला दोन सप्लाय असतात. एक गेला तरी नेटवर्क चालतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही. दुसरा गेला की सगळा मजला बसतो. आधी मागच्या दोन्ही वायरी बघा. व्हॅक्यूम क्लीनर लावायला एक प्लग काढलेला असतो, असं आम्हाला अनेकदा सापडतं.

फायबरची (प्रकाशावर चालणारी) केबल स्विचमधल्या ज्या छोट्या मॉड्यूलमध्ये बसते, त्यात येणारा प्रकाश डीबीएम या एककात मोजतात आणि आकडा बहुधा उणे असतो. उणे ७ वरून उणे १० झालं तर फरक तीनचाच दिसतो, पण प्रकाश निम्मा झालेला असतो. महिनोन् महिने असा हळूहळू उतरला तर बहुधा केबलचं टोक मळलंय. अचानक उणे ४० दाखवलं तर प्रकाशच येत नाही: पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी केबल) निघालीय, कपाटामागे दुमडलीय किंवा, दोन इमारतींमधली लाइन असेल तर, बाहेर खोदकाम चालू आहे का ते गेटवर विचारा. टोक शर्टला पुसू नका आणि त्यात डोकावू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो. वापरात नसलेल्या पोर्टमध्ये मॉड्यूल राहिलं असेल तरीही प्रकाश नसल्याचा अलर्ट येतो. तसं असेल तर कळवा, आम्ही तो पोर्ट देखरेखीतून काढतो.

फोन करताना उपकरणाचं नाव, आकडा, मेसेजची वेळ आणि त्यानंतर कुणी कशाला हात लावला ते सांगा. रॅकच्या पुढच्या दिव्यांचा फोटो व्हॉट्सॲप करा, पण फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅशमध्ये हिरवा आणि केशरी दिवा सारखाच दिसतो.