‘अनुमोदने’ आणि ‘मंजुराती’: सरकारी कामाला माल पुरवणाऱ्याने कशावर विसंबायचं?

सकाळी पेपरात बातमी येते, ‘शहरातल्या रस्त्यांसाठी साडेतीन कोटींचा निधी मंजूर’. नऊ वाजायच्या आत माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा खडीचा ट्रक असतो, कुणाचं ह्यूम पाईपचं युनिट, कुणी चेंबरची झाकणं ओततो. सगळ्यांचा प्रश्न एकच: मंजूर झालं म्हणे, मग माल तयार ठेवू काय?

मी स्वतः पेव्हर (रस्त्यावर, फुटपाथवर बसवायचे काँक्रीटचे ब्लॉक) आणि कर्ब स्टोन (कडेचे ठोकळे) करतो, बेळगाव-खानापूर पट्ट्यातच बहुतेक माल जातो. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर एवढं नक्की सांगू शकतो की ‘मंजूर’ या एका शब्दाने आपल्यातल्या लहान पुरवठादारांचं जितकं नुकसान केलंय, तितकं मंदीनेही केलेलं नाही. कारण सरकारी कामात मंजुऱ्या दोन असतात. दोन्हीचा कागद वेगळा, सही करणारा वेगळा, अर्थही वेगळा. बातमीत मात्र दोन्हींना ‘मंजुरी’च म्हणतात.

पहिली प्रशासकीय मंजुरी. कन्नड कागदावर ‘आडळितात्मक अनुमोदने’, ऑफिसात नुसतं ‘ए.ए.’ (अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अप्रूव्हल). दुसरी तांत्रिक मंजुरी, म्हणजे ‘तांत्रिक मंजुराती’, तोंडी ‘टी.एस.’ (टेक्निकल सँक्शन).

शब्दांपासूनच घोळ सुरू होतो. आपल्या मराठीत सभेतल्या ठरावाला एकजण सूचक असतो, दुसरा अनुमोदक. म्हणून ‘अनुमोदन’ म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणीतरी नुसता दुजोरा दिलाय, खरी मंजुरी पुढे यायचीय. कन्नडमध्ये ‘अनुमोदने’ म्हणजे थेट मान्यता. उलट ‘मंजुराती’ दिसली की आपण खूश होतो, सगळं आटोपलं समजतो. त्यात भर म्हणजे काही कागदांवर ‘तांत्रिक अनुमोदने’ असंही लिहितात. तेव्हा मागच्या शब्दाकडे बघूच नका. पुढचा शब्द वाचा: आडळितात्मक की तांत्रिक, तेवढ्यावर सगळं ठरतं. तसंच ‘कामगारी’ हा शब्द. तो आपल्या ‘कामगिरी’सारखा दिसतो, पण तिथे त्याचा अर्थ नुसतं ‘काम’. ‘कामगारी हेसरु’ म्हणजे कामाचं नाव, ‘अंदाजु मोत्त’ म्हणजे अंदाजित रक्कम. भाषिक अल्पसंख्याकांना कागद आपल्या भाषेत मिळावेत ही मागणी रास्त आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण उद्याचं टेंडर कन्नडमध्येच येणार आहे, म्हणून हे दहा-पंधरा शब्द ओळखायला शिकणं हा माझ्या मते आपल्या धंद्याचाच भाग आहे.

आता दोन्ही मंजुऱ्या बघू.

ए.ए. म्हणजे हे काम व्हायला हवं आणि अमुक लेखाशीर्षातून (बजेटमधल्या ठरलेल्या खात्यातून) त्याला पैसा देऊ, असं अधिकार असलेल्या माणसाने किंवा सभेने म्हणणं. रकमेप्रमाणे हा अधिकार आयुक्तांकडे, स्थायी समितीकडे, सर्वसाधारण सभेकडे किंवा थेट सरकारकडे असतो. खानापूर, निपाणीसारख्या ठिकाणी कृती आराखडा, म्हणजे ‘क्रिया योजने’, जिल्हाधिकारी कार्यालयातून मंजूर होऊन येतो. पैसा वित्त आयोगाचा असेल, ‘नगरोत्थान’ या राज्याच्या योजनेचा असेल, आमदार निधीचा असेल. या टप्प्यावरचा अंदाज ठोकताळ्याचा असतो. मागच्या वर्षी असा रस्ता एवढ्यात झाला होता, यंदा एवढे धरा, असा. त्यात गटार किती मीटर, पाईप किती व्यासाचा, पेव्हर किती जाडीचा, यातलं काही पक्कं नसतं.

टी.एस. म्हणजे इंजिनिअरची सही. जागा मोजली, नकाशे काढले, प्रत्येक बाबीचं परिमाण काढलं, एस.आर.मधला, म्हणजे सरकारी दरसूचीतला, दर लावला, आणि वरच्या दर्जाच्या अभियंत्याने तपासून हे काम तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे म्हणून सही केली. रक्कम मोठी तसा सही करणारा अभियंता वरचा. पंचायत राजच्या कामांना त्यांचा स्वतःचा इंजिनिअरिंग विभाग आहे, महापालिकेला स्वतःचे अभियंते आहेत.

म्हणजे ए.ए.मध्ये ‘काम करायचं’ एवढं कळतं, टी.एस.मध्ये ‘काय आणि किती’ ते कळतं. माल विकणाऱ्याला पहिल्याचा उपयोग नाही असं नाही, पण त्यावर सिमेंट उचलायचं नसतं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. एका लहान नगर संस्थेच्या बाजारपेठेतल्या रस्त्याला मंजुरी मिळाल्याचं वाचलं. ओळखीच्या ठेकेदाराने सांगितलं, पेव्हरच आहेत, साठ मिलीमीटरचे. पावसाळ्याआधी काम उरकायचं म्हणजे माल आत्ताच टाकायला हवा, असा मी हिशेब केला. हिशेब चुकीचा नव्हता. काँक्रीटची पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनंतर मोजतात, वर्क ऑर्डर आल्यावर साचे भरायला घेतले तर महिना तिथेच जातो. मी एम-३५ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे काँक्रीटची ताकद), दोनशे बाय शंभर मिलीमीटरचे २० हजार ब्लॉक पाडले. चौरस मीटरला पन्नास बसतात, म्हणजे चारशे चौरस मीटरचा माल. मग एका दुपारी विचारायला गेलो. टेबलावरच्या इंजिनिअरने फाईल पालथी केली आणि शांतपणे म्हणाला, “ए.ए. आगेद री, टी.एस. इन्नू आगिल्ल.” ए.ए. झालंय, टी.एस. अजून व्हायचंय. आणि टी.एस. झालं तेव्हा कळलं की त्या रस्त्यावरून भाजीचे टेम्पो जातात म्हणून जाडी ऐंशी मिलीमीटर, ग्रेड एम-४०. माझे वीस हजार ब्लॉक अंगणात शेवाळ धरून दोन पावसाळे बसले. त्यात इंजिनिअरची काहीच चूक नव्हती, त्याचा निर्णय बरोबरच होता. मी ज्या कागदावर विसंबलो तो कागदच जाडी सांगणारा नव्हता.

त्यातून एक चांगली गोष्टही कळली. ए.ए. आणि टी.एस. यांच्या मधला काळ हाच आपला खरा काळ. अंदाजपत्रक तयार होत असताना इंजिनिअरला आपल्या मालाचे लॅब रिपोर्ट, आयएस १५६५८ या पेव्हरच्या मानकाप्रमाणे कुठल्या ग्रेडचे ब्लॉक आपण करतो, पाईपवाला आयएस ४५८ या पाईपच्या मानकातल्या एनपी-२, एनपी-३ या प्रकारांपैकी काय करतो, हे कागद नेऊन दिले तर निदान तालुक्यात काय मिळतं ते त्याला माहीत होतं. शिफारस मागायची नाही, ती चुकीची आहे आणि पुढे अंगाशी येते. माहिती द्यायची आणि यायचं. टी.एस.वर सही झाली की परिमाण आणि प्रत गोठली, नंतर कितीही चहा पाजून उपयोग नाही.

दोन्ही कागदांवरच्या रकमाही वेगळ्या असतात आणि इथे बरेच जण फसतात. पेपरातला आकडा बहुतेक वेळा ए.ए.चा असतो. त्यात कर, आकस्मिक खर्च, कधी विजेचे खांब हलवायचा खर्च, सल्लागाराची फी, सगळं धरलेलं असतं. सरकारी बांधकामावरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. कर धरून कोटीचा अंदाज असेल तर पंधरा लाखांच्या वर तिथेच गेले. टेंडरला लावलेली रक्कम त्यामुळे कमी दिसते. ‘कोटीचं काम ऐंशी लाखांचं कसं झालं’ म्हणून शंका घेण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

बघायचं कुठे? ग्रामीण कामांसाठी ‘गांधी साक्षी कायक’ या ग्रामविकास खात्याच्या प्रणालीत कामनिहाय टप्पे दिसतात. वित्त आयोगाच्या निधीचे गावाचे आराखडे केंद्राच्या ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टलवर. टेंडर मात्र राज्याच्या केपीपीपी (कर्नाटक पब्लिक प्रोक्युअरमेंट पोर्टल) या पोर्टलवर, जे जुन्या ई-प्रोक्युअरमेंट पोर्टलच्या जागी आलं. सरकारी खरेदीचा मूळ कायदा १९९९चा, त्यामुळे टेंडर जाहीर करणं ही मेहेरबानी नाही, बंधन आहे. टेंडर पोर्टलवर आलं याचा अर्थ साधारणपणे टी.एस. झालेलं आहे. त्यासोबतची बाबवार यादी उघडली की आपल्या मालाचं परिमाण ओळीने दिसतं. मी ती यादी छापून घेतो आणि आपल्या ओळींवर लाल पेन्सिल मारतो. आर्थिक लिफाफा उघडून सर्वात कमी दराचा ठेकेदार कळला की त्याच दिवशी त्याला दर पाठवायचा. चार दिवस थांबलात तर कोल्हापूरचा माणूस पोचलेला असतो.

त्या आधीचा टी.एस.चा टप्पा पोर्टलवर दिसेलच असं नाही. तिथे फोन किंवा पाय. मी फोनवर एवढंच विचारतो, “टी.एस. आगेद एन्री?” मोडकंतोडकं असलं तरी समोरचा नीट उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे. कुणीच दाद देत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. मंजूर अंदाजपत्रकाची प्रत मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण ते शेवटचं साधन. रोज ज्याच्या दारात जायचं त्याला अर्ज लावण्याआधी दोनदा विचार करावा.

टी.एस. झालं म्हणजे काम सुरूच होतं, असंही नाही. २९ मार्च २०२३ ला कर्नाटक विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. नव्या कामांच्या वर्क ऑर्डरी थांबल्या, मतदान १० मे ला झालं, पुढे काही आठवड्यांत आपल्याकडे पाऊस. खानापूरच्या कणकुंबी भागात तर जूननंतर काँक्रीटचं नाव काढायचं नाही. बेळगावजवळचा हलगा-मच्छे बायपास घ्या. तो राष्ट्रीय महामार्गाचा, मंजुरीची अडचण नव्हती, पण शेतकऱ्यांचा जमिनीसाठी विरोध आणि न्यायालयाची स्थगिती यांनी काम पुन्हा पुन्हा थांबलं. त्या शेतकऱ्यांचं दुःख आपल्या धंद्यापेक्षा मोठं आहे. पण ज्यांनी त्या भरवशावर डंपर घेतले त्यांचे हप्तेही थांबले नाहीत. म्हणून माझा नियम साधा आहे: ए.ए. झालं की वहीत नाव लिहायचं, टी.एस. झालं की साचे आणि कच्च्या मालाचे दर ठरवायचे, टेंडर उघडलं की ठेकेदाराशी बोलायचं, आणि कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर, हातात बघितला की आगाऊ रक्कम घेऊन माल पाडायचा. भूमिपूजनाचा नारळ यातल्या कुठल्याही टप्प्यावर फुटू शकतो, त्यावरून काही धरू नका.

दोन ठिकाणी हे गणित वेगळं चालतं. बेळगावच्या कॅम्पातलं (लष्करी छावणीच्या हद्दीतलं) काम कॅन्टोन्मेंट बोर्डाचं, म्हणजे संरक्षण खात्याखालचं. ते राज्याच्या पोर्टलवर शोधत बसलात तर मिळणार नाही. आणि दुसरं ठिकाण म्हणजे केआरआयडीएल (राज्याची ग्रामीण पायाभूत सुविधांची कंपनी) किंवा निर्मिती केंद्र (सरकारी बांधकामं करणारी संस्था) यांच्याकडे कायद्यातल्या सवलतीने थेट दिलेली कामं. तिथे ठेकेदाराचं टेंडर दिसत नाही, ए.ए.नंतर काम सरळ त्या संस्थेकडे जातं. अशा कामात ए.ए.च्या आदेशातली शेवटची ओळ वाचायची, काम कुणाकडे सोपवलं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि मालाची चौकशी त्याच संस्थेच्या ऑफिसात करायची.

माझे ते साठ मिलीमीटरचे ब्लॉक शेवटी एका शाळेच्या पटांगणात गेले. त्या कामाचं टी.एस. झालं त्याच आठवड्यात मी यादी बघितली होती. ओळीत लिहिलं होतं: साठ मिलीमीटर, एम-३५.