इंटर्न आणि रेसिडेंट: औषधाच्या ऑर्डरवर सही कोणाची?

फार्म.डी.च्या (डॉक्टर ऑफ फार्मसी, सहा वर्षांचा अभ्यासक्रम) शेवटच्या वर्षांतल्या मुलांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: "इथली इंटर्नशिप आणि अमेरिकेतली रेसिडेन्सी एकच ना, फक्त तिकडे स्टायपेंड डॉलरमध्ये." आईवडिलांच्या मनातही बहुतेक हेच असतं. डॉक्टरांच्या बाबतीत आपला असा गोंधळ होत नाही. एमबीबीएसच्या शेवटी येते ती इंटर्नशिप, आणि एमडी करताना वॉर्डात रात्री काढतो तो रेसिडेंट, हे घरोघरी माहीत आहे. फार्मसीत मात्र हे दोन शब्द एकमेकांत पार मिसळून गेलेत, आणि त्याची किंमत मुलं मोजतात. अर्ज चुकतात, वर्षं जातात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

मुलांचा दोष यात फारसा नाही, कारण घोळ शब्दांच्या जन्मापासूनचा आहे. १९२७ साली मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी रुग्णालयातल्या फार्मासिस्टांसाठी पदवीनंतरचं प्रशिक्षण सुरू केलं. आज अमेरिकेत ज्याला रेसिडेन्सी म्हणतात त्याचं हे मूळ, पण तेव्हा त्याचं नाव होतं इंटर्नशिप! रेसिडेन्सी हे नाव आणि तिला मान्यता देण्याची रीतसर पद्धत १९६० च्या दशकात आली. ही मान्यता एएसएचपी, म्हणजे अमेरिकेतली रुग्णालयीन फार्मासिस्टांची संघटना देते. आपल्याकडे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये फार्म.डी.चे नियम आणले, आणि त्यात सहाव्या वर्षाचं वर्णनच 'इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी प्रशिक्षण' असं केलं. नियमातच दोन्ही शब्द शेजारी बसल्यावर विद्यार्थ्याने वेगळं काय समजायचं?

आधी आपल्या सहाव्या वर्षाबद्दल. पाच वर्षं वर्ग, प्रयोगशाळा आणि क्लार्कशिप (वॉर्डात जाऊन शिकणं) झाल्यावर विद्यार्थी वर्षभर रुग्णालयात जातो. सहा महिने जनरल मेडिसिन, मग आणखी तीन विभागांत दोन-दोन महिने. सकाळी डॉक्टरांबरोबर राउंड, केस पेपर वाचणं, रुग्ण घरी कोणत्या गोळ्या घेत होता ते नातेवाइकांकडून काढून घेणं (पिशवीतून चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या निघतात, त्या लावायच्या), दोन औषधांचा एकमेकांवर परिणाम होतोय का ते पाहणं, औषधाचा त्रास झाला असेल तर त्याचा फॉर्म भरणं. काम मोलाचं आहे. पण इंटर्नला काही खटकलं तर तो सांगतो, आणि बदल करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. अनेक वॉर्डांत त्याचं म्हणणं कागदावरही येत नाही. हे वर्ष पदवीचा भाग आहे. ते संपल्याशिवाय पदवी नाही, आणि पदवीशिवाय फार्मासिस्ट म्हणून नोंदणी नाही. बी.फार्म.नंतर तीन वर्षांचा फार्म.डी. करणाऱ्यांची नोंदणी आधीच झालेली असू शकते, पण वॉर्डातली त्यांची जागाही शिकाऊ माणसाचीच.

अमेरिकेत याच्या जोडीला जी गोष्ट ठेवायची, ती रेसिडेन्सी नव्हे. तिथल्या फार्म.डी.च्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना किमान १,४४० तासांची रुग्णालयीन आणि दुकानांतली प्रत्यक्ष कामं करावी लागतात, त्याआधीच्या वर्षांत किमान ३०० तास. आपलं सहावं वर्ष याच्या शेजारी बसतं. आणि तिकडे 'इंटर्न' हा शब्द बहुतेक राज्यांत एक सरकारी नोंद असते. विद्यार्थी राज्याच्या फार्मसी बोर्डाकडे इंटर्न म्हणून नाव नोंदवतो, तेव्हाच त्याला लायसन्सधारक फार्मासिस्टच्या देखरेखीखाली काम करता येतं.

रेसिडेन्सी या सगळ्यानंतरची. पदवी हातात, परीक्षा दिलेली, लायसन्स मिळालेलं किंवा मिळायच्या बेतात. सुरू झाल्यापासून १२० दिवसांत लायसन्स यायला हवं असा मान्यतेचा नियम आहे. ते आलं नाही तर रेसिडेन्सी लांबते किंवा हातची जाते. पहिलं वर्ष पीजीवाय-वन, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाचं पहिलं वर्ष. ते बारा महिन्यांचं असतं आणि साधारण जून-जुलैत सुरू होतं. पुढे कर्करोग, अतिदक्षता, बालरोग अशा एखाद्या शाखेत पीजीवाय-टू करता येतं. पगार मिळतो, पण पूर्ण फार्मासिस्टच्या पगाराच्या निम्म्याच्या आतबाहेर. कामाचे तास चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० च्या वर जाऊ नयेत असं बंधन आहे. असं बंधन घालावं लागतं, यावरूनच कामाचा अंदाज यावा.

फरक खरा दिसतो तो एका ऑर्डरवर. समजा, तिकडच्या रुग्णालयात बाहत्तर वर्षांचे एक शेतकरी आजोबा न्यूमोनियाने दाखल झाले. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू करायचं आहे, मूत्रपिंड आधीच थकलेलं. डॉक्टर ऑर्डरमध्ये फक्त 'डोस फार्मसीने ठरवावा' एवढंच लिहितात. रेसिडेंट वजन, वय, क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारा रक्तातला आकडा) घेऊन डोस काढतो, रक्तातली पातळी कधी तपासायची ते ठरवतो आणि ऑर्डर स्वतःच्या नावाने टाकतो. रुग्णालयाच्या मंजूर नियमावलीने हा अधिकार फार्मासिस्टला दिलेला असतो. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन चढलं तर डोस कमी करण्याची जबाबदारीही त्याचीच. प्रिसेप्टर, म्हणजे शिकवणारा अनुभवी फार्मासिस्ट, पाठीशी असतो, सुरुवातीला प्रत्येक आकडा तपासतो आणि हळूहळू मागे सरकतो. पण चूक झाली तर विचारणा ज्याची सही आहे त्याला होते. इंटर्नच्या चुकीला वर गाळणी असते. रेसिडेंटच्या बाबतीत तीच गाळणी दर महिन्याला थोडी विरळ होत जाते, आणि माझ्या मते सगळं शिक्षण त्या विरळ होण्यातच आहे.

हेच गावाकडच्या रुग्णालयात घडतं तेव्हा त्याचा रंग बदलतो. 'रूरल हॉस्पिटल' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तालुक्याचं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय येतं आणि खिडकीमागे औषध निर्माण अधिकारी, ज्यांना गावात अजून कंपाउंडरच म्हणतात. अमेरिकेतही सर्वांत लहान गटातली रुग्णालयं खाटांच्या बाबतीत याहून मोठी नाहीत. १९९७ च्या कायद्याने 'क्रिटिकल अॅक्सेस हॉस्पिटल' असा वर्ग केला, त्यात खाटा २५ च्या वर चालत नाहीत. एवढ्याशा जागेत रेसिडेंटला वर्षभर पुरेल इतके तऱ्हेतऱ्हेचे रुग्ण मिळणं कठीण. त्यामुळे ग्रामीण रेसिडेन्सी बरेचदा त्या भागातल्या जरा मोठ्या, आसपासच्या गावांचा आधार असलेल्या रुग्णालयात असते.

तिथे रेसिडेंट एक-दोनच असतात. शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयात हृदयाचा फार्मासिस्ट वेगळा, संसर्गाचा वेगळा, अतिदक्षतेचा वेगळा, आणि रेसिडेंट महिन्यामहिन्याने एकाकडून दुसऱ्याकडे जातो. गावात एकच फार्मासिस्ट सकाळी अतिदक्षता विभागात, दुपारी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या ओपीडीत आणि मधल्या वेळात सलाईनच्या बाटल्या मोजताना दिसतो. ते आजोबा बरे होऊन घरी गेले की दोन आठवड्यांनी त्याच ओपीडीत रेसिडेंटसमोर येऊन बसतात. आपण दिलेल्या औषधाचं पुढे काय झालं हे पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि मोठ्या रुग्णालयात ती सहसा वाट्याला येत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. अवयव प्रत्यारोपण, गुंतागुंतीचा कर्करोग, अगदी लहान बाळांची अतिदक्षता, हे तिथे फारसं दिसत नाही. ज्याला त्यातच पीजीवाय-टू करायचं आहे त्याने गावाचा मोह टाळावा.

रात्रीचा प्रश्न वेगळाच. अनेक लहान रुग्णालयांत रात्री फार्मासिस्टच नसतो. ऑर्डर दूरवरचा फार्मासिस्ट संगणकावर तपासतो आणि नर्स कुलूपबंद यंत्रातून औषध काढते. त्या यंत्रात काय ठेवायचं, किती ठेवायचं, कोणत्या इंजेक्शनभोवती इशारा लावायचा, हे दिवसा कोणीतरी ठरवलेलं असतं. लहान ठिकाणी तो 'कोणीतरी' बरेचदा रेसिडेंट असतो. पक्षाघाताचा रुग्ण आला तर गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि मोठं रुग्णालय दोन तासांवर. औषध इथे सुरू करायचं आणि मग रुग्णवाहिका किंवा हेलिकॉप्टर. अशा वेळी डोस वजनावरून काढून सिरिंज हातात देणारा माणूस कोण आहे याला फार अर्थ असतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनातला बॅक्स्टरचा सलाईनचा कारखाना पाण्याखाली गेला आणि देशभर सलाईन तुटलं. कोणत्या रुग्णाला तोंडाने पाणी देऊन भागेल, कोणतं अँटिबायोटिक बाटलीऐवजी सिरिंजने देता येईल, याच्या याद्या रुग्णालयांना रातोरात कराव्या लागल्या. असं काम कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं. आपल्या जिल्ह्यांत औषधसाठा संपल्यावर जुळवाजुळव करणाऱ्या औषध निर्माण अधिकाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल.

रेसिडेंटला वर्षभरात एक संशोधन प्रकल्पही पुरा करून मांडावा लागतो. लहान जागी कसलं संशोधन, असं वाटत असेल तर महाडकडे पाहावं. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध किती उपयोगी पडतं, हे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तिथल्याच रुग्णांवर उपचार करताना १९८० च्या दशकात दाखवलं आणि 'लॅन्सेट'ने ते छापलं. रेसिडेंटच्या प्रकल्पाची झेप तेवढी नसते, पण रोज समोर येणाऱ्या रुग्णातून प्रश्न उचलायचा, ही रीत तीच.

अर्ज करताना आणखी एक शब्द पाय अडकवतो: 'कम्युनिटी'. कम्युनिटी हॉस्पिटलमधलं पीजीवाय-वन म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. 'कम्युनिटी-बेस्ड फार्मसी रेसिडेन्सी' हा मान्यतेचा वेगळा प्रकार आहे, आणि त्यात मुख्य काम रुग्णालयाबाहेरचं, औषध दुकानांत आणि बाह्यरुग्ण दवाखान्यांत: लसीकरण, मधुमेहींच्या औषधांचा आढावा वगैरे. दोन्ही चांगली. पण नाव वाचून एकाऐवजी दुसरीकडे अर्ज गेला तर मुलाखतीत ते लगेच उघडं पडतं.

आता महाराष्ट्रातून जाऊ पाहणाऱ्यांसाठी मुद्द्याचं. आपल्या फार्म.डी.ला अमेरिकेत फार्मसी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एसीपीई या संस्थेची मान्यता नसते, म्हणून आधी परदेशी पदवीधरांसाठीचं एफपीजीईसी हे प्रमाणपत्र मिळवावं लागतं. त्यासाठी कागदपत्रांची तपासणी, एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा आणि टोफेल ही इंग्रजीची. २००३ पासून पदवीधर झालेल्यांना किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे चार वर्षांचं बी.फार्म. एकटं पुरत नाही, फार्म.डी. चालतो. पुढे राज्याच्या नियमाप्रमाणे इंटर्न म्हणून तास भरावे लागतात. म्हणजे इथे इंटर्नशिप केलेला मुलगा तिकडे पुन्हा इंटर्न होतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. मग नेप्लेक्स ही लायसन्सची परीक्षा आणि राज्याच्या कायद्याची परीक्षा. रेसिडेन्सीसाठी अर्ज हिवाळ्यात जातात, मुलाखती होतात, दोन्ही बाजू पसंतीक्रम देतात आणि मार्चमध्ये संगणक जोड्या लावतो. ती जोडी दोघांवर बंधनकारक असते. व्हिसाची जबाबदारी घ्यायला प्रत्येक रुग्णालय तयार नसतं, आणि छोट्या ठिकाणी तर हा प्रश्न अर्ज करण्याआधीच विचारून घ्यावा.

राहता राहिलं अर्जात काय लिहायचं ते. नियमात 'इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी' आहे म्हणून काही मुलं सहाव्या वर्षापुढे बेधडक 'एक वर्षाची रेसिडेन्सी' असं लिहितात. असं करू नका. वाचणाऱ्याला ते पीजीवाय-वन वाटतं, आणि खरं कळल्यावर बाकीच्या अर्जावरचाही त्याचा विश्वास उडतो. सरळ लिहा: फार्म.डी.चं सहावं वर्ष, इंटर्नशिप, जनरल मेडिसिन सहा महिने, अमुक तीन विभाग दोन-दोन महिने. आणि त्याखाली एखादा असा रुग्ण, ज्याच्या औषधात तुमच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी बदल केला.