कागदावरून दिग्दर्शन : यल्माझ ग्युने आणि ‘योल’ची पार्श्वभूमी

१९८२ च्या कान महोत्सवात ‘पाम दोर’ हा सर्वोच्च पुरस्कार दोन चित्रपटांना विभागून मिळाला. एक होता कोस्ता-गाव्रास यांचा ‘मिसिंग’ आणि दुसरा तुर्कस्तानचा ‘योल’, म्हणजे वाट. ‘योल’चे चित्रीकरण चालू असताना त्याचे लेखक, तुर्की नट-दिग्दर्शक यल्माझ ग्युने, तुरुंगात होते. सेटवर कॅमेऱ्यामागे उभे होते शेरीफ ग्योरेन. तरीही जग हा चित्रपट ग्युने यांचाच मानते. ते का, हे कळायला त्यांच्या आधीच्या पंचवीस वर्षांकडे जावे लागते.

ग्युने यांचे मूळ आडनाव प्युत्युन. जन्म १९३७ चा, अदानाजवळच्या येनिजे गावात, शेतमजुरी करणाऱ्या कुर्दी कुटुंबात. अदानाभोवतीचे चुकुरोवा हे सपाट मैदान कापसाचे. वेचणीच्या हंगामात पूर्वेकडून मजुरांच्या टोळ्या कुटुंबकबिल्यासह इथे उतरत. लहानपणी ग्युने यांनीही शेतात काम केले. शिकता शिकता त्यांनी चित्रपट वितरकांकडे नोकरी धरली. गावोगावच्या थिएटरांत रिळे पोचवणे हे त्यांचे या धंद्यातले पहिले काम. कोणत्या नावावर गर्दी होते आणि कुठला चित्रपट दुसऱ्या दिवशी उतरतो, हे त्यांना पडदा आणि तिकीटखिडकी यांच्यामध्ये उभे राहून कळले. पुढे इस्तंबूलला दिग्दर्शक आतिफ यल्माझ यांच्या हाताखाली ते सहायक, पटकथाकार आणि नट झाले. त्याच सुमारास पूर्वी छापलेल्या एका कथेत कम्युनिस्ट प्रचार असल्याचा ठपका आला आणि १९६१ मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

तुर्की चित्रपटधंद्याला यशिलचाम म्हणत, इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या एका गल्लीवरून. या धंद्याचा पैसा कुठून येई हे समजून घेतल्याशिवाय ग्युने यांची वाटचाल समजत नाही. निर्मात्याकडे भांडवल जवळपास नसेच. अदाना, इझमीर, सामसून अशा विभागांचे वितरक चित्रपट बनण्याआधीच उचल देत, तीही बरेचदा पुढच्या तारखेच्या हुंड्यांवर. उचल मिळे ती नटाच्या नावावर, कथेवर नाही. त्यामुळे चित्रपट काही आठवड्यांत उरकावा लागे. फिल्म महाग म्हणून रीटेक कमी. चित्रीकरण मूक होई आणि आवाज नंतर स्टुडिओत भरला जाई, पुष्कळदा दुसऱ्याच कलाकाराचा. या पद्धतीत एका वर्षात दोनशेहून जास्त चित्रपट निघत आणि ते एकमेकांसारखेच असत.

या यंत्रात ग्युने नट म्हणून शिरले आणि साठच्या दशकात त्याचे सर्वांत मोठे नाणे झाले. गोऱ्यागोमट्या नायकांच्या रांगेत हा सावळा, राकट, कमी बोलणारा माणूस अनातोलियातल्या गरीब प्रेक्षकाला आपला वाटला. लोक त्यांना ‘चिर्किन क्राल’, म्हणजे कुरूप राजा, म्हणू लागले. मारधाडीचे सवंग चित्रपट त्यांनी ढिगाने केले. त्यांतले बहुतेक आज कोणी आवर्जून पाहावेत असे नाहीत. पण वितरकांची उचल आता त्यांच्या नावावर येत होती, आणि या नावाचे भांडवल त्यांनी स्वतःच्या चित्रपटांत गुंतवले.

वळणाचा चित्रपट १९६६ चा, ल्युत्फी आकाद यांनी दिग्दर्शित केलेला ‘हुदुतलारन कानुनू’. यातली ‘हद्द’ आणि ‘कानून’ मराठी कानाला लगेच ओळखू येतात. अर्थही तोच : सरहद्दीचा कायदा. सीरियाच्या सीमेवर सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून चोरटी मालवाहतूक करणाऱ्या गावकऱ्यांची ही गोष्ट. कथा ग्युने यांची, मुख्य भूमिकाही त्यांचीच. १९६८ मध्ये त्यांनी ‘ग्युने फिल्म’ ही कंपनी काढली आणि १९७० मध्ये आला ‘उमुत’, म्हणजे आशा.

‘उमुत’ नीट पाहिला तर पुढचे सगळे ग्युने त्यात सापडतात. जब्बार हा अदानातला घोडागाडीवाला. घरी म्हातारी आई, बायको, पाच मुले, आणि खिशात लॉटरीची तिकिटे. श्रीमंताची मोटार त्याच्या एका घोड्याला उडवते. पोलीस मोटारवाल्याची बाजू घेतात. मग सावकार उरलेला घोडा आणि गाडी नेतात. शेवटी तो एका मित्राच्या आणि होजाच्या (मुल्लाच्या) नादी लागून नदीकाठी गुप्तधन खणू लागतो आणि भ्रमिष्ट होतो. ग्युने यांनी इथे खलनायक ठेवलाच नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी नियमाने वागतो आणि त्यातूनच माणूस चिरडला जातो. यशिलचामच्या प्रेक्षकाला याची सवय नव्हती, कारण तिथे ग्युने पडद्यावर आले की पिस्तूल निघणार हे ठरलेले असे. इथे ते फक्त हरतात.

सरकारने ‘उमुत’वर बंदी घातली. तुर्कस्तानातली सेन्सॉरची चौकट १९३९ च्या नियमावलीची होती, आणि तिला दोन दारे होती : आधी पटकथा मंजूर करून घ्यायची, मग तयार चित्रपट. समितीवर पोलीस आणि लष्कराचेही प्रतिनिधी बसत. लेखक त्यामुळे दोनदा अडे. म्हणून जाणते लोक मंजुरीसाठी निरुपद्रवी कागद पाठवत आणि खरे काम चित्रीकरणात करत. ‘उमुत’ची प्रत चोरून कानला नेण्यात आली. देशात अदानाच्या महोत्सवात आणि फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे त्याचा गौरव झाला.

मार्च १९७१ मध्ये लष्कराने सरकारला पायउतार व्हायला लावले. १९७२ मध्ये फरारी डाव्या विद्यार्थ्यांना आसरा दिल्याबद्दल ग्युने पकडले गेले. १९७४ च्या सार्वत्रिक माफीत ते सुटले आणि लगेच ‘आर्कादाश’ (मित्र) पुरा केला. त्यानंतर चुकुरोवात कापूस वेचणाऱ्यांवरचा ‘एंदिशे’ (चिंता) हाती घेतला. चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९७४ मध्ये, युमुरतालक गावातल्या एका खानावळीत भांडण झाले आणि तिथला न्यायाधीश गोळी लागून मरण पावला. एका नातेवाइकाने गुन्हा स्वतःवर घेतला, पण न्यायालयाने ते मानले नाही आणि ग्युने यांना १९ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या चाहत्यांच्या लेखनात हा प्रसंग एका ओळीत उरकला जातो. तसे करणे योग्य नाही. एक माणूस जिवानिशी गेला होता, आणि पुढचा सगळा काळ या खटल्याच्या शिक्षेतला आहे.

‘एंदिशे’ ग्योरेन यांनी पुरा केला, मुख्य भूमिका एर्कान युजेल यांनी केली. इथूनच कागदावरच्या दिग्दर्शनाची सुरुवात झाली. तुरुंगात ग्युने नुसते संवाद आणि प्रसंग लिहीत नव्हते. पात्राचा पूर्वेतिहास, जागा कशी दिसावी, कॅमेरा कुठून काय पाहील, हे सगळे ते कागदावर उतरवत आणि भेटीच्या वेळी दिग्दर्शकाशी बोलून पक्के करत. आवाज नंतरच भरायचा असल्याने संवादात शेवटपर्यंत बदल करता येई. यशिलचामची जी सवय एरवी चित्रपट बिघडवी, तीच इथे उपयोगी पडली.

झेकी ओक्तेन यांनी या पद्धतीने ‘स्युरू’ (कळप, १९७८) आणि ‘दुश्मान’ केले. दुसऱ्याचा अर्थ सांगायला नको. ‘स्युरू’त कुर्दी भटकी जमात आपली मेंढरे रेल्वेने अंकाराला विकायला नेते. वाटेत अधिकाऱ्यांना लाच म्हणून मेंढरे द्यावी लागतात. डब्यात आधीच्या मालाचे डीडीटी राहिलेले असते, त्याने जनावरे मरतात. कळप आटत जातो तसे घरही. लोकार्नो महोत्सवात याला १९७९ मध्ये सुवर्ण बिबट्या हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पात्रे कुर्दी, पण बोलतात तुर्कीच. पडद्यावर कुर्दी भाषा बोलवली असती तर सगळी मंडळी तुरुंगात गेली असती. ‘दुश्मान’मध्ये मजूरनाक्यावर रोज परत जाणारा इस्माइल शेवटी भटक्या कुत्र्यांना विष घालण्याची नोकरी धरतो. मला विचाराल तर ‘योल’हून हा चित्रपट जास्त कठोर आहे आणि त्याच्याकडे फार दुर्लक्ष झाले आहे.

सप्टेंबर १९८० मध्ये लष्कराने सत्ता घेतली. ‘योल’ची कल्पना ग्युने यांना तुरुंगातच सुचली : इम्राली बेटावरच्या तुरुंगातून आठवड्याच्या रजेवर सुटलेले पाच कैदी आपापल्या गावी निघतात. आपल्याकडे जिला संचित रजा म्हणतात तशीच ही. बाहेर पडल्यावर त्यांना जागोजागी लष्करी तपासणी, जमातीचे नियम आणि इभ्रतीच्या नावाखाली मागितलेले बायकोचे प्राण भेटतात. आधी एर्देन करल यांनी चित्रीकरण सुरू केले होते. ते ग्युने यांच्या मनासारखे होईना, तेव्हा काम ग्योरेन यांच्याकडे गेले. सेयित अली (तारक आकान) आणि झिने (शेरीफ सेझेर) यांचा बर्फातला प्रवास ग्योरेन यांनी खऱ्या हिवाळ्यात उभा केला. लिहिलेल्या बर्फाला प्रत्यक्षात आणणे हे साधे काम नव्हते, आणि त्याचे श्रेय ग्योरेन यांना पुरते मिळाले नाही असे मला वाटते.

चित्रित झालेली निगेटिव्ह स्वित्झर्लंडला गेली. ऑक्टोबर १९८१ मध्ये इस्पार्ताच्या तुरुंगातून रजेवर असताना ग्युनेही देश सोडून गेले. एलिझाबेथ वेल्क्ली यांच्यासोबत त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये संकलन केले. पडद्यावर गावांची नावे येतात तशी एका ठिकाणी ‘कुर्दिस्तान’ ही अक्षरे येतात, ती याच टप्प्यातली. संगीत झुल्फू लिवानेली यांचे, पण श्रेयनामावलीत टोपणनाव. कानला ग्युने कडक गुप्ततेत पोचले, कारण तुर्कस्तान त्यांना परत मागत होते. ग्योरेन येऊ शकले नाहीत.

१९८३ मध्ये नागरिकत्व गेले. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका जुन्या मठात तुरुंग उभारून त्यांनी ‘दुवार’ (भिंत) केला. अंकारातल्या बालकैद्यांच्या १९७६ च्या उठावावरचा हा चित्रपट त्यांनी बऱ्याच वर्षांनी स्वतः सेटवर उभे राहून दिग्दर्शित केला, आणि तोच शेवटचा ठरला. ९ सप्टेंबर १९८४ रोजी पॅरिसमध्ये पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मायदेशात त्यांच्या चित्रपटांवर बंदी आली, प्रती जप्त झाल्या, कित्येक नष्ट केल्या गेल्या. ‘योल’ वाचला तो निगेटिव्ह बाहेर होती म्हणून. तुर्कस्तानच्या थिएटरांत तो १९९९ मध्ये लागला. ‘हुदुतलारन कानुनू’ची ज्ञात अशी एकच प्रत उरली होती. २०११ मध्ये जुने चित्रपट जपणाऱ्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने तिच्यावरून चित्रपट पुन्हा उभा केला. मूळ निगेटिव्ह नसल्यामुळे काही ओरखडे त्यात अजूनही दिसतात.