गेरू, खडखड आणि एटीव्हीचा मागचा आस

नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून आणणाऱ्या एखाद्या एटीव्हीच्या, म्हणजे वाळूत चालणाऱ्या जाड टायरांच्या उघड्या चारचाकीच्या, मागच्या चाकाकडे वाकून बघा. मधल्या नटाभोवती गेरूसारखी तांबडी पूड दिसली, तर तिला नुसता खाऱ्या हवेचा गंज समजू नका. आत काहीतरी घासतंय.

चेनवर चालणाऱ्या एटीव्हीत मागची दोन्ही चाकं एकाच अखंड पोलादी दांड्यावर, म्हणजे आसावर असतात. बैलगाडीत आस जागचा हलत नाही, चाक त्यावर फिरतं. इथे आसच चाकांना घेऊन फिरतो. चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, त्याच्यावर पकडून ठेवतात ते स्प्लाइनचे, म्हणजे आसावरच्या आणि हबच्या आतल्या लांबट खाचांचे, दात. नट किंचित सैल पडला की हे दात एकमेकांवर केसाच्या जाडीहूनही कमी सरकू लागतात. तेवढं पुरतं. पोलादाचे सूक्ष्म कण सुटतात, हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचा तांबडा ऑक्साइड होतो आणि ही कडक पूड पॉलिश पेपरसारखी उरलेले दात खाते. या झिजेला फ्रेटिंग म्हणतात.

त्यात भर पडते वळणांची. मोटारीत असतो तसा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, इथे नसतो. दोन चाकांत एक मीटर अंतर धरलं, तर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे १.५७ मीटर जास्त जावं लागतं, मग वळण मोठं असो की लहान. अखंड आस हे होऊ देत नाही. वाळूत चाक घसरून निभावतं; डांबरावर मात्र टायरची पकड सुटेपर्यंत आस पिळला जातो आणि तो पीळ स्प्लाइन सोसतात.

आता तपासणी. मागची बाजू स्टँडवर उचला, गाडी न्यूट्रल करा, चाक वरखाली धरून हलवा. हबसोबत आसही डुलत असेल तर आसाला पेलणारं गोळ्यांचं बेअरिंग गेलं. आस स्थिर आणि चाकच डुगडुगतं, तर हब. मागची सगळी चौकटच हलत असेल तर स्विंगआर्मचे, म्हणजे मागचा आस धरणाऱ्या हलत्या बाहूचे, बुश (सांध्यातल्या नळ्या) बघा. मग मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढेमागे पिळा. बहुतेक गाड्यांत ब्रेकची डिस्क आसावरच असते, म्हणजे ब्रेक लागल्यावर आस जखडतो. तरीही चाक ‘टक’ करून सरकलं, तर दात झिजलेत. शेवटी आस वाकलाय का ते पाहायचं. त्याला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक, उत्तम. नसेल तर न फिरणाऱ्या चौकटीला एक तार पक्की बांधून तिचं टोक आसाच्या टोकाजवळ आणा आणि आस सावकाश फिरवताना दोघांमधली फट कमीजास्त होते का ते बघा.

सगळ्यात फसवं दुखणं बेअरिंगचं. गाडी तापलेली असताना पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि सीलमधून (पाणी-धूळ अडवणाऱ्या रबरी कडीतून) खारं पाणी ओढून घेते. वंगण बिघडतं, गोळ्यांना खड्डे पडतात. नवं बेअरिंग घालण्याआधी आसाची बैठक, म्हणजे बेअरिंग बसतं ती जागा, मायक्रोमीटरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) मोजा. आतली रिंग आसावर फिरत राहिली असेल तर तिथे चकचकीत पट्टा दिसतो, माप उतरलेलं असतं. अशा आसावर नवं बेअरिंग म्हणजे महिन्याभराचं समाधान. बेअरिंग हाउसिंगमध्ये, म्हणजे त्याच्या बाहेरच्या घरात, बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्या. दोन बेअरिंगांमधली नळी मात्र विसरू नका. ती नसेल तर नट आवळला की गोळ्या आडव्या दाबल्या जातात.

झिजलेल्या हबला आसाशी वेल्डिंग मारून घेणारे बरेच भेटतात. माझा याला साफ विरोध. आसाच्या पोलादाला उष्णतेचे संस्कार देऊन ताकद आणलेली असते, वेल्डच्या आचेने ती तिथेच बिघडते. शिवाय २० इंची टायर किलोमीटरला सहाशेहून जास्त फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात आसाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो, आणि चीर सुरू व्हायला वेल्डच्या कडेइतकी सोयीची जागा नाही. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, आणि धातू असा थकतो कसा याचा शोध अभियंते गांभीर्याने घेऊ लागले.

म्हणून दात गेले असतील तर हब बदला, आसाचेही गेले असतील तर दोन्ही. नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळाच्या जोरावर, आवळा. नट सैल होऊ नये म्हणून त्यातून घालतात त्या कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट अजून थोडा पुढे न्या, मागे सोडू नका. पिन नवीच घाला, आणि पहिल्या फेरीनंतर परत एकदा पाना लावून बघा.